बर्लिनरची तबकडी आणि कोल्हापूरचे गाणे

कंठातून निघालेला स्वर पकडून ठेवता येतो, हे जगाला प्रथम दाखवून देण्याचा मान टॉमस एडिसन यांच्या १८७७ सालच्या फोनोग्राफकडे निःसंशय जातो. परंतु तो पकडलेला स्वर लक्षावधी घरांत पोहोचविण्याची तजवीज ज्याने केली आणि त्यायोगे दरबार, देवालय व नाट्यगृह यांच्या चार भिंतींत वावरणाऱ्या संगीताला गृहस्थाच्या ओसरीवर आणून बसविले, त्या एमिल बर्लिनर यांचे नाव आपल्याकडे क्वचितच उच्चारले जाते. जर्मनीतील हानोवर नगरात १८५१ साली जन्मलेला आणि १८७० साली अमेरिकेस गेलेला हा मनुष्य कोणत्याही विद्यापीठाचा पदवीधर नव्हता; दिवसा चाकरी करून रात्री पदार्थविज्ञानाचे अध्ययन करावे, अशा रीतीने त्याने आपली विद्या संपादन केली.

एडिसन यांच्या यंत्रात सुई नळकांड्यावर वरखाली होत खोलगट ठसे उमटवीत असे. ते ठसे लवकर झिजत, आणि प्रारंभीच्या काळात अधिक प्रती हव्या असल्यास गवयाला तेच गाणे पुनःपुन्हा गावे लागे. बर्लिनर यांनी सुईची हालचाल आडवी केली आणि नळकांड्याच्या जागी सपाट तबकडी आणली. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यावयाचा, स्वराच्या कंपनांनी हलणाऱ्या सुईने तो नागमोडी खरवडावयाचा, उघड्या पडलेल्या रेषेवर आम्लाची क्रिया करून खाच कोरून घ्यावयाची आणि त्या पत्र्यावरून धातूचा उलटा साचा तयार करावयाचा, अशी त्यांची रीत होती. टांकसाळीत एका ठशाने हजारो नाणी पाडावीत, त्याप्रमाणे त्या साच्यातून एका गायनाच्या हजारो नकला निघू लागल्या. १८८७ साली त्यांना ग्रामोफोनचे पेटंट मिळाले आणि पुढील वर्षाच्या मे महिन्यात फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी आपल्या यंत्राचे प्रात्यक्षिक केले. प्रारंभीचे हे यंत्र हाताने फिरवावे लागे, त्यामुळे स्वर डळमळे. यंत्रज्ञ एल्ड्रिज जॉन्सन यांनी त्याला चावीची कमान जोडली, तेव्हा ते घराघरांत नांदण्यास योग्य झाले. आणि तबकडीसाठी प्रारंभीच्या रबराऐवजी जो पदार्थ पुढे रूढ झाला त्यातील प्रमुख घटक होता लाख, जिचा फार मोठा पुरवठा हिंदुस्थानच्या जंगलांतून होत असे.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गायस्बर्ग आपला सरंजाम घेऊन कलकत्त्यास उतरले आणि गायिका गौहरजान यांचे गाणे तबकडीवर आले. प्रारंभीच्या तबकड्या हानोवरच्या कारखान्यात छापल्या जात, आणि तेथील कारागिरांना गायकाची ओळख पटावी म्हणून गाण्याच्या अखेरीस गायक स्वतःचे नाव उच्चारीत असे. १९०८ साली कलकत्त्याच्या सियालदह भागात कारखाना सुरू झाला आणि तबकडी देशातच तयार होऊ लागली.

कोल्हापूर या सुमारास गाण्याचे मोठे पीठ होते. १८८३ साली स्थापन झालेल्या देवल क्लबात गुणीजनांच्या बैठकी रंगत असत, आणि १८९५ साली छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयास आलेले अल्लादियाखाँसाहेब येथे आपली पेचदार गायकी सिद्ध करीत होते. शेजारच्या मिरजेशी ज्यांचे नाव निगडित झाले त्या अब्दुल करीमखाँसाहेबांनी तबकडीचा स्वीकार केला. अल्लादियाखाँसाहेबांच्या कंठाची मात्र एकही तबकडी आज उपलब्ध नाही. १९४६ साली ते निवर्तले, तेव्हा त्यांच्या विद्येचा दस्तऐवज म्हणून उरले ते शिष्यांचे गळे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मावत; ज्या गायकीत एका अनवट रागाची बढत तासभर चालावी, तिला एवढ्या अवकाशात कोंडणे हे सोपे काम नव्हते. तरीही त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांनी, तसेच खाँसाहेबांचे पुत्र मंजीखाँ व भुर्जीखाँ यांच्याकडे शिकलेल्या मल्लिकार्जुन मन्सूर यांनी, त्या तीन मिनिटांत रागाचा अर्क उतरविला.

या मर्यादेने हानी झाली, हे मान्य केलेच पाहिजे. विलंबित ख्यालाचा विस्तार तबकडीला पेलला नाही. परंतु लाभ त्याहून मोठा आहे. ज्या स्त्रीला बैठकीस जाण्याची मुभा नव्हती तिने घरच्या कर्ण्यातून बालगंधर्वांची पदे ऐकली. ज्या विद्यार्थ्याला गुरुगृही प्रवेश नव्हता त्याला एकच तान वीस वेळा ऐकण्याची सोय झाली. १९१९ साली कोल्हापुरात जन्मलेले सुधीर फडके १९४१ पासून हिज मास्टर्स व्हॉइस या कंपनीसाठी चाली बांधू लागले आणि तीन मिनिटांचे भावगीत हीच मराठी घराची नित्याची संगती झाली. श्रोत्याची जात, मिळकत वा लिंग न विचारणारी अशी मैफल या मुलखात पूर्वी कधी भरली नव्हती.

बर्लिनर १९२९ साली वारले. १९७७ साली व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या ज्या तांब्याच्या तबकड्या अवकाशात पाठविण्यात आल्या, त्यांवर केसरबाईंची भैरवी आहे. ध्वनी खाचेत साठविण्याचे तत्त्व तेथेही टिकून राहिले.

तेव्हा कोल्हापूर आणि पंचक्रोशीतील ज्या घरांच्या माळ्यांवर जुन्या तबकड्या पडून असतील, त्यांच्या धन्यांना एकच विनंती आहे. त्या एकावर एक रचू नयेत, उभ्या ठेवाव्यात, उन्हापासून जपाव्यात, स्पिरिटने पुसू नयेत, कारण लाख त्यात विरघळते, लेबलावरील व मधल्या भागावर कोरलेले क्रमांक टिपून घ्यावेत आणि मग त्या एखाद्या संगीतसंस्थेच्या वा ग्रंथालयाच्या दप्तरी सोपवाव्यात. भंगारात गेलेली तबकडी ही कदाचित त्या गायनाची शेवटची प्रत असेल, आणि ती गेल्यावर भरपाई करणारा साचा कोणत्याही कारखान्यात शिल्लक असेलच, असे धरून चालू नये.