विकरांस दगडाचें घर

मी जन्मभर शिक्षकाचा पेशा केला. सातवीच्या वर्गांत एक प्रयोग मी दर वर्षीं करून दाखवीत असें. भाताची पेज पाण्यानें पातळ करावयाची. तींत आयोडिनचा थेंब टाकला कीं ती निळीकाळी होते. पण त्याच पेजेंत आधीं थोडी लाळ मिसळून घटकाभर थांबलें, तर निळा रंग येत नाहीं, कारण लाळेनें पेजेंतील पिष्ट फोडून टाकलेलें असतें. मग लाळ उकळून तोच प्रयोग पुन्हां करावयाचा. आतां रंग येतो! लाळेंतील कांहीं तरी उकळल्यानें मेलें, हें मुलांस डोळ्यांनीं दिसतें. हें जें कांहीं तरी, त्यास शास्त्रज्ञ एंझाइम म्हणतात. मराठींत विकर हा शब्द रूढ झाला आहे.

एके वर्षीं एका मुलानें विचारलें, "गुरुजी, विकर काम करून संपत नाहीं असें आपण म्हणतां, मग दर वेळीं नवी लाळ कां घालावी लागते? पहिलीच काढून कां घेत नाहीं?" मीं म्हटलें, "अरे, ती पाण्यांत मिसळली, आतां निघणार कशी? बैस खालीं." तास संपत आला होता हें खरें, पण त्याचा प्रश्न उत्तम होता आणि माझें उत्तर केवळ त्याचें तोंड बंद करण्यापुरतें होतें. हाच प्रश्न कारखानदारांनाहि पडलेला होता, हें मला निवृत्तीनंतर वाचावयास सवड मिळाली तेव्हां कळलें. त्या मुलाचें देणें आज फेडतों.

विकर म्हणजे प्रथिनाची एक लांब सांखळी. ती विशिष्ट रीतीनें दुमडून तिची गुंडी झालेली असते. त्या गुंडींत एक खांच असते. ज्या पदार्थावर काम करावयाचें तो त्या खांचेंत नेमका बसतो. उष्णता वाढली, आम्ल फार झालें, कीं गुंडी उलगडते व खांच नाहींशी होते. अंड्याचा पांढरा बलक एकदां शिजला कीं पुन्हां पातळ होत नाहीं, तसाच हा प्रकार. म्हणजे दुखणीं दोन: विकर नाजूक, म्हणून लौकर मरतें, आणि जिवंत राहिलें तरी मालांत मिसळून जातें व त्याबरोबरच वाया जातें. विकर शुद्ध करण्यास तर मोठा खर्च येतो.

यावर तोड म्हणजे विकर एखाद्या घन पदार्थास बांधून ठेवणें. दाव्याला बांधलेली गाय जागच्या जागीं चरते, दूध देते, आणि हरवत नाहीं! १९१६ सालीं अमेरिकेंत नेल्सन व ग्रिफिन यांना असें आढळलें कीं, उंसाची साखर फोडणारें इन्व्हर्टेज हें विकर कोळशाच्या भुकटीस चिकटलें तरी आपलें काम करीत राहतें. विकर मोकळेंच असलें पाहिजे, ही समजूत तेथेंच खोटी ठरली. पण पुढें कित्येक वर्षें त्याचा उपयोग करण्याचें कोणी मनावर घेतलें नाहीं. १९६९ सालीं जपानांत इचिरो चिबाता यांच्या प्रयत्नानें बांधलेल्या विकरावर अमिनो आम्लें तयार करण्याचा कारखाना चालूं झाला. तेथील आधार मात्र दगडाचा नव्हता.

दगडी आधाराची कथा कांचेपासून सुरू होते. एका जातीची कांच तापवून ठेवली असतां तिच्यांत दोन प्रकारचे भाग वेगळे होतात. त्यांतील एक भाग आम्लानें धुवून काढला कीं मागें सच्छिद्र कांच राहते. छिद्रांचा आकार ठरवून अशी कांच करण्याची रीत हॅलर यांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध केली. आणि १९६९ सालीं कॉर्निंग या कांचेच्या कंपनींतील वीटॉल यांनीं ट्रिप्सिन व पपेन हीं विकरें त्या कांचेस रासायनिक बंधानें जोडून दाखविलीं. पपेन म्हणजे आपल्या पपईच्या चिकांतलें.

येथें कोणी विचारील, आपल्या सह्याद्रीच्या काळ्या खडकांत झिओलाइट नांवाचे सुंदर स्फटिक सांपडतात, तेहि सच्छिद्रच. मग ते कां नकोत? कारण तीं दारें फार अरुंद. मीटराचे एक अब्ज भाग केले तर त्यांतील एकास नॅनोमीटर म्हणतात. झिओलाइटचीं छिद्रें एका नॅनोमीटराहूनहि लहान असतात आणि विकराची गुंडी साधारणतः तीन ते दहा नॅनोमीटरांची. हत्ती उंबऱ्याशींच अडावयाचा! ही अडचण १९९२ सालीं दूर झाली. मोबिल या तेलकंपनीच्या शास्त्रज्ञांनीं साबणासारख्या द्रव्याच्या कणांभोंवतीं सिलिका, म्हणजे वाळूचेंच द्रव्य, थिजविली व तें द्रव्य जाळून टाकलें. मधमाशांच्या पोळ्यासारख्या एकसारख्या नळ्या मागें राहिल्या. अशा एका ग्रॅम भुकटीचें अंतःपृष्ठ सातशे चौरस मीटरांहून अधिक भरतें, म्हणजे कबड्डीचीं पांच मैदानें चिमटींत मावलीं. १९९६ सालीं डियाझ व बॉल्कस यांनीं तींत विकरें भरून पाहिलीं. लहान तीं आंत गेलीं, मोठीं बहुतेक बाहेरच राहिलीं. त्यानंतर १९९८ सालीं कॅलिफोर्नियांत याहून रुंद, तीस नॅनोमीटरांपर्यंतच्या नळ्यांची सिलिका तयार झाली.

आतां मुख्य मुद्दा. आंत बसल्यानें विकर टिकतें तें कां? जुन्या वाड्यांत भिंतीला देवळी असते. अंगणांतला दिवा वाऱ्यानें विझतो, देवळींतला विझत नाहीं. विकराचेंहि तसेंच आहे. गुंडी उलगडावयाची म्हणजे सांखळीला पसरावयास जागा हवी. देवळी गुंडीपेक्षां थोडीच मोठी असली, तर उलगडावयास वावच राहत नाहीं. दुसरें असें कीं, उलगडूं लागलेलीं विकरें एकमेकांस चिकटून गोळा होतात; वेगवेगळ्या खोल्यांत तें घडत नाहीं. ट्रिप्सिन तर प्रथिनें फोडणारें विकर. मोकळें असलें कीं आपल्याच भाऊबंदांना खातें! टोयोटाच्या संशोधनशाळेंत २००० सालीं असें दिसलें कीं, छिद्राचें माप विकराच्या मापाशीं जुळलें म्हणजे तें उष्णतेंत अधिक टिकतें. मोटारी करणाऱ्यांनीं विकराचें माप घ्यावें, याचें मला कौतुक वाटतें.

परंतु हें सारें फुकट मिळत नाहीं. सिलिकेच्या पृष्ठावर ऋण विद्युत्भार असतो, म्हणून धन भाराचें विकर त्यास सहज चिकटतें. पण पाण्यांत मीठ वाढलें कीं पकड सुटते व विकर वाहून जातें. पक्क्या रासायनिक बंधानें जखडावें, तर कधीं कधीं खांचच बुजते. शिवाय कच्चा माल अरुंद नळींतून आंत जाण्यास व तयार माल बाहेर येण्यास वेळ लागतो. अल्कधर्मी पाण्यांत तर सिलिका स्वतःच हळूहळू विरघळते. म्हणून, बांधलें कीं सर्व साधलें, असें कोणी सांगितलें तर त्यावर विश्वास ठेवूं नये.

माणसानें हें करण्यापूर्वींच जमिनीनें तें केलेलें आहे. युरिया फोडणारें युरिएज हें विकर १९२६ सालीं समनर यांनीं अबईच्या जातीच्या बियांतून स्फटिकरूपानें काढलें. हेंच विकर मातींतहि असतें. तें मोकळें मातींत घातलें तर लौकर नष्ट होतें; परंतु मरून गेलेल्या जंतूंचें व वनस्पतींचें युरिएज चिकण मातीच्या व कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याच्या कोनाड्यांत अडकून दीर्घकाळ टिकतें. लहानसा युरिया आंत जाऊं शकतो. विकराला खाणारीं मोठीं विकरें आंत जाऊं शकत नाहींत. आपल्या काळ्या जमिनींत तर चिकण मातीचें प्रमाण फारच मोठें. म्हणून वर पसरलेला युरिया ओलाव्यांत भराभर फुटतो, त्याचा अमोनिया होतो, आणि शेतकऱ्याचा पैसा हवेंत उडून जातो. कारखान्यांत जो गुण, तो शेतांत तोटा! युरिया मातीआड झांकला तर यांतील बराच तोटा वांचतो.

तो प्रश्न विचारणारा मुलगा आतां शेती करतो असें ऐकतों. युरिया मातीनें झांकावा, हें त्यास कोणी तरी सांगितलेंच असेल. तो कां झांकावा, हें मात्र त्याच्या गुरुजींनीं सांगावयाचें राहिलें होतें.