वस्तऱ्याची वही

आमच्या बहादरपुरातही सलूनमध्ये आता अर्धं ब्लेड मोडून लावतात. दगडावर धार लावायचं काम उरलं आमच्यासारख्या हौशांकडे. तुम्हीही त्यातले असाल तर एक वही घालाच.

पहिल्या पानावर पात्याची रुंदी आणि पाठीची जाडी लिहा. घासताना दगडावर पाठ आणि धार दोन्ही टेकतात, म्हणून धारेचा कोन हीच दोन मापं ठरवतात. पातं 17 मिमी आणि पाठ 5 मिमी असेल, तर कोन सुमारे 17 अंश. पाठीला टेप लावली की कोन वाढतो, त्याचीही नोंद हवी.

मग दगडाचा नंबर (1000, 4000, 8000), किती वेळा घासलं, चामड्याच्या पट्ट्यावर किती हात फिरवले. निकालात नुसतं ‘छान’ लिहिलं तर वही कशाला? ‘गालावर गुळगुळीत, हनुवटीखाली ओढलं, तुरटी झोंबली’ असं लिहा. तुरटी कुणाची भीड ठेवत नाही!

एका वेळी एकच गोष्ट बदला. दगड बदलला तर पट्टा तोच ठेवा. टोकाकडची धार सारखी राहून जात असेल, तर दगड मधे झिजून खोलगट झालाय का ते आधी बघा.