पाचशे फुटांची घरपट्टी

मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना १ जानेवारी २०२२पासून मालमत्ता कर पूर्ण माफ आहे. त्याआधी २०१९मध्येही माफी जाहीर झाली होती, पण ती फक्त सर्वसाधारण कराची. मलनिःसारण, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथकर हे सगळे देयकात तसेच राहिले. माफीचा गाजावाजा आणि हातात बिल, असा प्रकार.

ही सवलत उत्पन्न पाहत नाही, चटईक्षेत्र पाहते. त्यामुळे अंधेरीत गुंतवणूक म्हणून घेतलेला ४८० फुटांचा फ्लॅटही माफ, आणि पेन्शनवर जगणाऱ्या जोडप्याचा ५२० फुटांचा फ्लॅट मात्र करपात्र.

खरी अडचण पुनर्विकासात येते. मुलुंड-बोरिवलीतल्या जुन्या सोसायटीतलं ४२० फुटांचं घर तीस टक्के वाढीव जागेसह ५४६ फुटांचं होतं. मग कर वरच्या ४६ फुटांवर नाही, पूर्ण घरावर लागतो, तोही २०१०पासून लागू असलेल्या भांडवली मूल्यावर, म्हणजे नव्या इमारतीच्या वाढीव किमतीवर. लिफ्ट, पंप, सुरक्षारक्षक यांचा मेंटेनन्स वेगळाच. पगार तेवढाच असतो. थकबाकीवर दरमहा दोन टक्के दंड चढतो. माझ्या मते कर टप्प्याटप्प्याने लागायला हवा. आजची पद्धत सरळसरळ अन्यायाची आहे.

पुनर्विकासाच्या करारावर सही करण्याआधी नव्या घराचं चटईक्षेत्र आणि अंदाजे वार्षिक घरपट्टी बिल्डरकडून लेखी मागून घ्या.