विद्यापीठ-स्थलांतर (वर्धा जिल्हा)

पदवीचे शिक्षण चालू असताना किंवा त्याचा एक टप्पा पूर्ण झाल्यावर विद्यार्थ्याने एका विद्यापीठाच्या कक्षेतून दुसऱ्या विद्यापीठाच्या कक्षेत जाणे, यास विद्यापीठ-स्थलांतर म्हणतात. महाविद्यालय बदलणे आणि विद्यापीठ बदलणे या दोन भिन्न बाबी आहेत. वर्धा जिल्ह्यात हा भेद ठळकपणे दिसतो. येथे विद्यापीठ बदलते की नाही, हे अंतरावरून ठरत नाही. ते महाविद्यालयाच्या संलग्नतेवरून ठरते.

पार्श्वभूमी

नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ मध्ये झाली. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ स्थापन होऊन पश्चिम विदर्भ त्यापासून वेगळा झाला. २०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले व चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे त्याच्या कक्षेत गेले. वर्धा जिल्हा मात्र नागपूर विद्यापीठाकडेच राहिला. आज हे विद्यापीठ राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ या नावाने ओळखले जाते.

याचा परिणाम असा की, पुलगावच्या विद्यार्थ्याने सुमारे शंभर किलोमीटरवरील नागपूरच्या संलग्न महाविद्यालयात प्रवेश घेतला, तरी त्याचे विद्यापीठ तेच राहते. तोच विद्यार्थी वर्धा नदी ओलांडून जवळच्या धामणगाव रेल्वे येथे गेला, तर विद्यापीठ बदलते. हिंगणघाटहून वरोऱ्यास जाणाऱ्या विद्यार्थ्याचेही तसेच आहे.

जिल्ह्याच्या आतही अशा सीमा आहेत. वर्धा येथील महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय हे १९९७ मध्ये स्थापन झालेले केंद्रीय विद्यापीठ आहे, तर सावंगी (मेघे) येथे अभिमत विद्यापीठ आहे. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान हे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ मध्ये सुरू झाले. ते पूर्वी नागपूर विद्यापीठाशी संलग्न होते. पुढे ते नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडले गेले. महाविद्यालय जागेवरच राहिले, विद्यापीठ बदलले.

कारणे

पहिले कारण विषयाचे. हवा असलेला विषय वा पदव्युत्तर अभ्यासक्रम जवळच्या महाविद्यालयात नसतो, म्हणून विद्यार्थी अन्यत्र जातो. दुसरे कारण कौटुंबिक. पुलगाव येथे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे, तर वर्धा हे महत्त्वाचे रेल्वे जंक्शन आहे. अशा ठिकाणी बदलीच्या नोकरीमुळे पालकांबरोबर मुलांनाही गाव सोडावे लागते. विवाहानंतर सासरच्या जिल्ह्यात शिक्षण पुढे चालू ठेवणाऱ्या मुलींचाही यात समावेश होतो. तिसरे कारण आर्थिक. मोठ्या शहरातील वसतिगृह व खानावळीचा खर्च न पेलल्याने काही विद्यार्थी घराजवळ परततात किंवा मुक्त विद्यापीठाचा मार्ग स्वीकारतात.

विज्ञान शाखेत प्रथम वर्षास प्रवेश घेऊन वैद्यकीय वा अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षेची पुन्हा तयारी करणारे विद्यार्थीही असतात. त्यांचे जाणे व्यवहारात स्थलांतर म्हटले जात असले, तरी तो नवा प्रवेश असतो. आधीचे वर्ष नव्या पदवीत सहसा धरले जात नाही.

प्रक्रिया व अडचणी

एकाच विद्यापीठात महाविद्यालय बदलताना मुख्यतः महाविद्यालय सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका व ना हरकत प्रमाणपत्र यांची आवश्यकता असते. विद्यापीठ बदलताना मूळ विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र आणि नव्या विद्यापीठाची पात्रता-मान्यता यांची भर पडते. पात्रता ठरविताना पूर्वीचा अभ्यासक्रम नव्या अभ्यासक्रमाशी समकक्ष आहे का, हे पाहिले जाते.

खरा धोका येथेच असतो. विषयांची जुळणी झाली नाही, तर राहिलेल्या विषयांची परीक्षा द्यावी लागते किंवा वर्ष वाया जाते. एटीकेटी असलेल्या विद्यार्थ्यांस पुढील वर्षात प्रवेश मिळणे अधिक कठीण असते. शिष्यवृत्तीवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्यांच्या अर्जाची पडताळणी नव्या महाविद्यालयाकडून व्हावी लागते. म्हणून जुन्या महाविद्यालयातून दाखला काढण्यापूर्वीच नव्या विद्यापीठाकडून समकक्षतेची खात्री करून घेणे हिताचे ठरते. दाखला काढल्यानंतर नकार आला, तर विद्यार्थी दोन्हीकडून अधांतरी राहू शकतो.

श्रेयांक पद्धती

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार विद्यार्थ्याने मिळविलेले श्रेयांक साठविण्यासाठी शैक्षणिक श्रेयांक बँक ही व्यवस्था निर्माण करण्यात आली. विद्यापीठ अनुदान आयोगाने तिचे विनियम २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत नव्या धोरणाची अंमलबजावणी २०२४-२५ पासून सुरू झाली. या व्यवस्थेमुळे एका संस्थेत मिळविलेले श्रेयांक दुसरीकडे नेणे शक्य होते. तथापि ते कोणत्या विषयांसाठी ग्राह्य धरावयाचे आणि जागा उपलब्ध आहे की नाही, हे प्रवेश देणारी संस्थाच ठरविते. त्यामुळे श्रेयांक जमा असणे म्हणजे प्रवेश मिळणे नव्हे.