एका पानाचं एक मिनिट

पटकथेचं पान हातात घेतलं की आधी नजरेत भरते ती मोकळी जागा. डावीकडे दीड इंच समास, कारण तिथे भोकं पाडून पितळी पिनांनी पानं बांधायची असतात. उरलेल्या तिन्ही बाजूंना साधारण एकेक इंच. दृश्याचं वर्णन पानभर पसरतं, संवाद मात्र मधोमध साडेतीन इंचांच्या अरुंद पट्ट्यात उतरतात आणि त्यांच्या डोक्यावर बोलणाऱ्या पात्राचं नाव. कथा लिहून हात बसलेल्या माणसाला हे पान अर्धं रिकामं वाटतं. मलाही वाटलं होतं. ती मोकळी जागा कुणासाठी सोडलेली असते, हे कळायला मला एक अख्खा लघुपट लागला.

ही मांडणी कुणी एकाने बसून ठरवलेली नाही. 1910च्या दशकात थॉमस इन्स हा अमेरिकन निर्माता सांता मोनिकाजवळच्या डोंगरात स्वतःचा स्टुडिओ चालवत होता. एकाच वेळी अनेक चित्रपट तिथे तयार होत. प्रत्येक सेटवर स्वतः हजर राहणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने सगळं आधी कागदावर आणायला लावलं: दृश्याचा क्रमांक, ते आत घडतं की बाहेर, कोण कोण आहे, कोणते कपडे, कोणतं सामान. कागद असा तयार असला की एका ठिकाणची सगळी दृश्यं सलग चित्रित करता येतात, गोष्टीतला त्यांचा क्रम काही असो.

पुढे टाइपरायटरने या कागदाला शिस्त लावली. 1950च्या दशकात हॉवर्ड केटलर यांनी आयबीएमच्या टाइपरायटरसाठी कुरियर हा टंक आखला. त्यात आय आणि डब्ल्यू सारखीच जागा घेतात. बारा पॉइंटच्या कुरियरमध्ये आडव्या इंचात दहा अक्षरं, उभ्या इंचात सहा ओळी. पानाला साधारण पंचावन्न. अक्षर आणि ओळ अशी पक्की झाली, तेव्हाच पान हे मोजमाप झालं. एक पान म्हणजे पडद्यावरचं सुमारे एक मिनिट, हा अंदाज त्यावरच उभा आहे. एखादं पान वीस सेकंदांत संपतं, एखादं दोन मिनिटं खातं. शंभर पानांवर हिशोब जुळून येतो. समास थोडा आत-बाहेर केला, टंक बदलला की तो हिशोब बिघडला.

आपल्याकडे प्रभातसारख्या कंपनीत लेखक, दिग्दर्शक, नेपथ्यकार, छायालेखक एकाच आवारात पगारावर होते. कागदावर राहिलेलं बोलून भरून काढता येई. आज लेखक ठाण्यात, छायालेखक कोचीत, निर्माता आणखी कुठे. त्यांच्यात एकच गोष्ट सामाईक असते, ते पान.

दृश्याची पहिली ओळ घ्या. ‘बाह्य. एसटी स्टँड, फलाट तीन. पहाट.’ वाचकासाठी ही नुसती जागा आणि वेळ. निर्मिती व्यवस्थापक त्यात आगाराची परवानगी वाचतो. छायालेखकाला त्यात उगवतीच्या आधीचा थोडाच वेळ टिकणारा उजेड दिसतो, म्हणजे गाड्या मध्यरात्रीनंतर कधीतरी निघणार. मी पहिल्या मसुद्यात आळसाने ‘रात्र’ लिहिलं होतं. त्या एका शब्दापायी दिव्यांची मागणी दुप्पट झाली.

त्याच दृश्यात मी पुढे लिहिलं होतं: ‘सुमन फलाटावर उभी आहे. आईच्या आठवणीने तिचं मन भरून येतं.’ आमची सहायक दिग्दर्शक पेन्सिल घेऊन पान वाचत होती. तिथे थांबली आणि म्हणाली, “दादा, मन भरून येणं मी कुठल्या खात्याला देऊ?”

उत्तर नव्हतं. त्या रात्री मी ते दृश्य पुन्हा लिहिलं. सुमन पिशवीतून डबा काढते. झाकण उघडते. आत दोन भाकऱ्या, कडेला वेगळ्या फडक्यात गुंडाळलेली तिसरी. ती फडक्याची गाठ सोडते, परत बांधते. डबा बंद. वर्तमानकाळ, छोटी वाक्यं, डोळ्यांना आणि कानांना कळेल तेवढंच. डबा, भाकऱ्या आणि फडकं सामान सांभाळणाऱ्याच्या यादीत गेले. गाठ सोडणं अभिनेत्रीकडे. आई कुठेच लिहिलेली नव्हती. तालमीत मात्र त्या जागी सगळे गप्प झाले.

आता मराठीची अडचण, आणि ती मला फार जवळची आहे. इंग्रजी पटकथेत पात्राचं नाव, दृश्याची ओळ, पहिल्यांदा येणारी व्यक्ती हे सगळं मोठ्या लिपीतल्या अक्षरांनी उठून दिसतं. देवनागरीत मोठी-लहान अक्षरंच नाहीत. समान रुंदीही तिला मानवत नाही. ‘र’ आणि ‘स्त्री’ एकाच मापाच्या चौकटीत कोंबले की डोळा अडखळतो. वेलांटी वर जाते, उकार खाली उतरतो, इंचाला सहा ओळी बसवल्या तर त्या एकमेकींत अडकतात. त्यात आपला कागद ए-फोर, अमेरिकन कागदापेक्षा साधारण पाऊण इंच उंच. म्हणजे पानामागे चार ओळी जास्त; शंभर पानांत सात पानांचा फरक. बरेच जण यावर तोडगा म्हणून वर्णन इंग्रजीत आणि संवाद रोमन लिपीत लिहितात. काम चालतं. पण ‘कळ’ आणि ‘काळ’ रोमनमध्ये सारखेच दिसतात, आणि नटाला वाक्य दोनदा विचारावं लागतं.

म्हणून मी माझं माप स्वतः काढलं. दृश्याची ओळ ठळक, पात्राचं नाव ठळक आणि मधोमध. मग दहा पानं मोठ्याने, विराम घेत, फोनवर वेळ लावून वाचली. ओळींमधलं अंतर वाढवलं, पुन्हा वाचली. पानावर पंचावन्नपेक्षा बऱ्याच कमी ओळी राहिल्या तेव्हा कुठे पान मिनिटाला टेकलं. समास तोच, संवादाचा पट्टा तेवढाच अरुंद. तो अरुंदपणा मी सोडणार नाही, कारण लांबलेलं भाषण त्यात लगेच खांबासारखं उभं दिसतं आणि कात्री आपोआप हातात येते.

चित्रीकरणाच्या आदल्या आठवड्यात सहायक दिग्दर्शक पट्टी घेऊन बसते. प्रत्येक पानाचे आठ भाग धरायचे आणि प्रत्येक दृश्य त्या आठव्या भागांत मोजायचं. दीड पान असेल तर दीड लिहीत नाहीत, 1 4/8 लिहितात, म्हणजे बेरीज सोपी जाते. ‘पुरात पूल वाहून जातो’ हेही 1/8 आणि ‘सुमन दार लावते’ हेही 1/8; दिवस किती लागतील हे त्यापुढे तिने अनुभवाने ठरवायचं. माझ्या प्रतीत डब्याच्या दृश्याखाली तिने पट्टी ठेवून आडवी रेघ मारली, डाव्या समासात 3/8 लिहिलं, आणि खाली बारीक अक्षरात: फडकं जुनं, धुतलेलं, दोन नग.