ज्ञानेश्वरीचा संदर्भ: आवृत्तीनिर्देशाचे प्रयोजन

संदर्भाची मांडणी हा केवळ मुद्रणाचा शिष्टाचार आहे, असा समज अभ्यासकांत बराच रूढ आहे. वस्तुतः लेखकाने जे पाहिले, तेच वाचकाला त्याच जागी पुन्हा पाहता यावे, हे संदर्भाचे मूळ प्रयोजन होय. प्राचीन मराठी ग्रंथांच्या बाबतीत तर या प्रयोजनावर निष्कर्षाची ग्राह्यता अवलंबून असते.

भाषाविज्ञानाच्या नियतकालिकांत आज ग्रंथकाराचे आडनाव आणि प्रकाशनवर्ष देण्याची पद्धत सर्वत्र आढळते. तिचा उगम हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१ च्या लेखात असल्याचे मानले जाते. आधुनिक ग्रंथांस ही पद्धत सोयीची आहे. परंतु ती ज्ञानेश्वरीस जशीच्या तशी लावल्यास ‘ज्ञानेश्वर १९०९’ असा कालविपर्यास घडतो. उलटपक्षी, आवृत्ती न सांगता केवळ अध्याय व ओवी यांचे क्रमांक दिले, तर तेही अपुरेच ठरतात. कारण ओव्यांची संख्या सर्व प्रतींत सारखी नाही, आणि एखादी ओवी कमीअधिक होताच पुढील क्रमांक सरकतात.

याहून महत्त्वाचा प्रश्न पाठाचा आहे. शके १२१२ मध्ये पूर्ण झालेल्या या ग्रंथाचे एकनाथांनी शके १५०६ मध्ये संशोधन केले. वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेली प्रत एकनाथपूर्व असल्याचा त्यांचा दावा होता, आणि ज्ञानेश्वरीच्या भाषेचे त्यांचे व्याकरण याच प्रतीवर आधारलेले आहे. अर्थात, एखादे विभक्तिरूप तेराव्या शतकातील म्हणून पुढे करणाऱ्याने ते कोणत्या पाठातून घेतले हे सांगितले नाही, तर ते रूप ज्ञानेश्वरकालीन, एकनाथकालीन की उत्तरकालीन लेखनिकाचे, याचा निर्णय वाचकास करता येत नाही.

म्हणून मूळ ग्रंथ व आधुनिक ग्रंथ यांचे संदर्भ निराळ्या रीतीने द्यावेत. मूळ ग्रंथासाठी संक्षेप, आवृत्तीचे चिन्ह, अध्याय व ओवी हा क्रम ठेवावा, उदाहरणार्थ, ‘ज्ञा. (रा.) ६.१४’. येथे ‘रा.’ म्हणजे राजवाडे प्रत, हे संक्षेपसूचीत एकदा नमूद करावे. आधुनिक ग्रंथासाठी ‘राजवाडे १९०९’ एवढे पुरे. मात्र एकाच वर्षी एकाच लेखकाचे दोन ग्रंथ असल्यास वर्षापुढे ‘अ’, ‘आ’ ही अक्षरे जोडावीत.

मुखपृष्ठावर केवळ शकवर्ष असल्यास तेही जपावे. शकवर्ष चैत्रात सुरू होत असल्याने त्यात ७८ मिळवून येणारे इसवी सन डिसेंबरअखेरपर्यंतच लागू पडते. त्यानंतर फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. महिना ज्ञात नसल्यास ‘शके १८३१ (१९०९–१०)’ असे लिहिणेच प्रामाणिक होय.

स्वल्पविराम कोठे द्यावा, हे प्रत्येक नियतकालिक आपल्यापुरते ठरवील. आवृत्तीचा निर्देश मात्र ऐच्छिक मानता येणार नाही. तो पुराव्याचाच भाग आहे.