ग्रुपचे अ‍ॅडमिन असाल तर

आशाताई, अंगणवाडी सेविका, सफाई कामगार यांचे ऑफिस आता मोबाईलमधून घरात आले आहे. सातारा-सांगलीच्या वस्त्यांत बसलो की रात्री अकरालाही ‘माहिती त्वरित भरा’ वाजते. झोपेचे खोबरे होते. बीपी-शुगरवाल्यांना तर ते मुळीच परवडत नाही. वैतागून काहीजणी फोनचा आवाजच बंद करतात. मग बाळंतिणीच्या घरचा फोनही कळत नाही.

किल्ली अ‍ॅडमिनकडे आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या सेटिंगमध्ये मेसेज पाठवायची परवानगी फक्त अ‍ॅडमिनला ठेवा. (‘जय भीम, सुप्रभात’ आम्हालाही आवडते, पण त्याला वेगळा ग्रुप करा.) तातडीचा ग्रुप स्वतंत्र असू द्या. 2019 आणि 2021 चा कृष्णेचा पूर आठवा.

बाकीच्यांनी कामाचा ग्रुप रात्री म्यूट करावा. अँड्रॉइडवर ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावले की मेसेजचा आवाज थांबतो, पण त्यातच ‘पुन्हा कॉल करणारे’ चालू ठेवा. पंधरा मिनिटांत त्याच नंबरवरून दुसरा फोन आला तर तो वाजतो. म्हणून घरोघरी सांगून ठेवा: अडलेल्या वेळी मेसेज नको, आधी 108, मग ताईंना लागोपाठ दोनदा फोन.